चौथा रॉड

साठी न गाठलेली बाई स्वतःला किती हुशार समजू शकते, हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं मला त्या हिवाळ्यात बघायला हवं होतं. अंगात मुलाचा जुना स्वेटर, कानाला मफलर आणि स्वेटरला अडकवलेला टेस्टर. दुसऱ्या बायका पदराला पिन लावतात, मी टेस्टर लावायचे. न्हावऱ्याच्या बाजारात मेथी घ्यायला गेले तरी तो छातीवर असायचाच. कुणी हसलं तर मी ऐटीत सांगायचे, "आमच्या माहेरी रक्तातच लाईट आहे."

माहेर माझं केडगावचं. वडील रोज गाडीनं दौंडला जायचे, रेल्वेच्या इलेक्ट्रिक खात्यात. तिथं ते नेमकं काय करायचे, हे मी सासरी कधी फोड करून सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी लग्नानंतर वर्षभरातच ते माझ्या भोळ्या भावाकडून काढून घेतलं आणि भर पंगतीत वाढलं.

"शिडी धरायचा हिचा बाप. वर चढायचा तो येगळाच मानूस. ह्यो खाली, मान वर करून हुबा."

पंगत हसली. मीही हसले, कारण हातात आमटीचं पातेलं होतं आणि ते कुणाच्या डोक्यावर ओतायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

तर त्या वर्षी आम्ही जुनं घर पाडलं, नवीन बांधायला काढलं आणि स्लॅबपाशी काम अडलं. मुलगा रांजणगावला कंपनीत. तो, सून आणि नातवंडं शिरूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. सासूबाई वस्तीवरून हलायला तयार नव्हत्या. "मी हितनं उठले की तुम्ही समदं इकून मोकळं व्हाल," म्हणायच्या. मग मुलानं त्याची गाडी पुढे केली.

गाडी म्हणजे कुणा शूटिंगवाल्याची मोडीत निघालेली व्हॅनिटी व्हॅन. तिच्यात पलंग, शेगडी, गिझर बसवून चाकांवरचं घर करायचं आणि काश्मीरला जायचं, असं त्याचं वेड होतं. काश्मीर राहिलं. ती आमच्या वस्तीपर्यंत आली तीसुद्धा ट्रॅक्टरच्या मागं बांधून. कांदाचाळीशेजारी उभी राहिली, टायर बसले आणि कोंबड्यांनी खाली अंडी घालायला सुरुवात केली. त्या गाडीत आम्ही दोघी सासवा-सुना हिवाळा काढणार, असं ठरलं. मालक, म्हणजे माझे यजमान आणि सासूबाईंचे एकुलते एक, पंपाच्या खोलीत कुत्र्याला घेऊन झोपायला गेले. इतकं सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं.

गाडीत दोन भाग. मागे पलंग, तो सासूबाईंचा. पुढे सोफा, तो माझा. मध्ये फळीची भिंत आणि दाराच्या जागी पडदा, जो कधीच नीट सरकायचा नाही. माझ्या सोफ्यासमोर मोठा मेकअपचा आरसा, भोवती गोल दिवे. उभ्या आयुष्यात ज्यांनी पावडरसुद्धा लावली नाही अशा दोन म्हाताऱ्यांची तोंडं त्यात दिसायची. लाईटचं बोर्ड आणि त्यातला एमसीबी, म्हणजे सगळ्या गाडीची लाईट तोडणारा खटका, सासूबाईंच्या उशाशी होता. ते मुळात तिथं कुणी बसवलं, देव जाणे. नटीला झोपूनच दिवे बंद करायचे असतील.

सासूबाईंना दमा होता. डॉक्टरनं आम्हाला बजावलं होतं, छाती गरम ठेवा, पहाटेची थंडी यांना वाईट. दम लागला की कुणीतरी उठून वाफेचं मशीन तोंडाला लावून द्यायचं. ते त्यांना स्वतःला जमायचं नाही, हात कापायचे. सासूबाई आयुष्यात सापाला भ्यायल्या नाहीत, दिराशी बांधावरून भांडताना कोयत्याला भ्यायल्या नाहीत. पण पहाटे एकटीनं गुदमरून मरायला त्या भ्यायच्या. ते त्या बोलून दाखवायच्या नाहीत. तिन्हीसांजेला मात्र मशीनची पेटी उघडून नळी बघायच्या, पुन्हा झाकायच्या, पुन्हा उघडायच्या.

आणि गाडी म्हणजे पत्रा. दिवसा तापायची, दिवस मावळला की बर्फाच्या पेटीसारखी व्हायची. आमच्याच श्वासाचं पाणी छताला धरायचं आणि सकाळी टपकन नाकावर पडायचं. मुलानं दोन हीटर आणून दिले, एकेका हीटरला दोन रॉड, हजार वॉटचा एक. एक हीटर त्यांना, एक मला. "बेतानं वापरा," एवढं बोलून तो शिरूरला गेला.

पहिल्या दिवशी आम्ही चारही रॉड लावले आणि झोपलो. मी तर अशी झोपले की सकाळी दुधाची गाडी हॉर्न वाजवून निघून गेली तरी कळलं नाही. उठून पाहते तो सासूबाई पलंगावर बसलेल्या, गुडघे पोटाशी, डोळे लाल.

"झोप लागली व्हय?" त्यांनी विचारलं.

"छान लागली, आत्याबाई."

"लागू दे, लागू दे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी अंघोळीला गिझर लावला. चार रॉड चालूच होते, वर गिझर. खटका खाडकन पडला आणि गाडी गप्प झाली. झालं! माझ्या रक्तातली लाईट जागी झाली. मी नातवाच्या पाटीवर हिशेब मांडला, टेस्टर छडीसारखा धरला आणि सासूबाईंच्या पलंगासमोर उभी राहून शाळा घेतली.

"हे बघा आत्याबाई. खटका आहे सोळा अँपिअरचा. तीन रॉड म्हणजे तीन हजार वॉट, तेवढं तो सोसतो. चौथा रॉड लागला की लोड जास्त होतो आणि खटका पडतो. म्हणजे आपल्याला रॉड किती? तीन."

"आन् मग चौथा?"

"चौथा लावायचाच नाही. तुम्हाला दम्याचं, म्हणून तुम्ही दोन घ्या. मी एकावर भागवते."

"लोड म्हंजी काय गं?"

काय सांगू, मला इतका आनंद झाला! लग्न होऊन एवढी वर्षं झाली, या बाईनं मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी बैलगाडी, पोती, चढण असं सगळं घालून लोड समजावला. त्या मान डोलवत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी तू दुसरा रॉड लावलास की खटका पडनार."

"बरोब्बर!"

एवढी तल्लख शिष्या मला पुन्हा मिळाली नाही.

त्या संध्याकाळपासून नियम सुरू झाला. त्यांच्याकडं दोन लाल रॉड, माझ्याकडं एक. एका रॉडनं माणसाची एक बाजू शेकते. पोट भाजायचं आणि पाठीशी कुणी गार पाण्याचा हंडा ठेवलाय असं वाटायचं. मी रोज हळूच दुसऱ्या रॉडचं बटण दाबून बघायचे, न जाणो आज खटका सोसेल. जरा वेळ रॉड लाल व्हायचा, बरं वाटायला लागायचं आणि खट्!

"पडला गं," आतून आवाज यायचा. "लोड आला."

"दाबा ना वर, आत्याबाई."

"आधी तुजा रॉड बंद कर."

"केला."

"त्वांड आन हिकडं, म्हन चुकलं."

"चुकलं."

"शिडीवाल्याची लेक ती. बापानं काय शिकवलं? शिडी धर म्हून." मग बऱ्याच वेळानं त्या खटका वर करायच्या. तोवर मी अंधारात दात वाजवत उभी. शिवाय मालकांना सकाळी सांगायच्या, "तुजी बायकू मला मारनार हाय. माज्या मशीनची लाईट चोरती."

मालक काय बोलणार? चहा फुंकत म्हणायचे, "आई म्हणते तर नको लावत जाऊ."

"आणि मी गारठून मेले तर?"

"तू कशी मरशील?" ते म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले. म्हशीबद्दल बोलावं तसं.

मग मी ठरवलं, आपली लाईट आपण आणायची. आता हसू नका. नाहीतर हसाच, मीही हसतेच आहे. पंपाच्या खोलीत थ्री फेज येते, ती आठवड्याआड वेळ बदलते. त्या आठवड्यात ती दुपारनंतर येऊन दिवस मावळेपर्यंत राहायची. झोपायच्या आत गाडीतली माझी बाजू तापवून घ्यायला तेवढी पुरे. स्टार्टरच्या पेटीतून एक फेज घ्यायची, दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधायची. आमच्याकडं शेतात बल्ब असाच लावतात. बल्ब लागतो तर हीटर का नाही? मालक म्हणाले, "हीटर नको गं, बल्बची गोष्ट वेगळी." मी टेस्टरवर हात ठेवला. ते गप्प बसले आणि तार जोडून दिली. गप्प बसणं त्यांच्या रक्तात होतं.

पहिल्या दिवशी हीटर नुसता गुलाबी झाला. सळईभोवतीची माती कोरडी. मग मला अक्कल सुचली. सळईला पाणी आणि मीठ घातलं की लाईट चांगली उतरते, हे मला ठाऊक होतं. पण रोज पाणी कोण घालणार? वस्तीवर कायम ओली जागा कुठली? गोठा. म्हशीच्या मागची. तिथं सळई ठोकली, वरून मीठ टाकलं आणि हीटर असा लाल झाला, असा लाल झाला की मी आरशासमोर उभी राहून स्वतःकडं बघून मान हलवली. त्या गोल दिव्यांत मी शास्त्रज्ञ दिसत होते. टेस्टर लावलेली, मफलर बांधलेली, पुढचे दोन दात पडलेली शास्त्रज्ञ.

म्हशीला मात्र काहीतरी झालं. ती एका जागी उभी राहीना. मागचे पाय उचलून उचलून टाकायची, कानाला कान लावून डोळे पांढरे करायची. दूध निम्म्यावर आलं. म्हैस सासूबाईंची लाडकी. त्या काठी टेकत गोठ्याच्या तोंडाशी यायच्या आणि मला ऐकू जाईल असं म्हशीला सांगायच्या, "बाई, तुला दिष्ट लागली. घरातलीच हाय. दिसायला गरीब हाय, पन डोळा वाईट."

मी मनात म्हणायचे, अडाणी बाई. दृष्ट म्हणे! आणि सळई माझ्या डोळ्यांसमोर, म्हशीच्या खुरापासून हातभर अंतरावर, मुतात उभी.

एका संध्याकाळी मी पुढचा विचार केला. आधी हीटर लावावा, गाडी तापत ठेवावी, तोवर धार काढून यावं. हीटर लावला. चरवी घेतली. चप्पल बाहेर काढून गोठ्यात शिरले, कारण धार काढताना चप्पल घालायची नाही ही सासूबाईंचीच शिस्त. ओल्या जमिनीवर पाय ठेवला तशा पोटऱ्यांत मुंग्या आल्या. मला वाटलं, थंडीच्या. म्हशीखाली उकिडवी बसले, आचळाला हात लावला, आणि तिनं इतके दिवस साठवलेलं सगळं एका लाथेत मला दिलं.

नडगीचं हाड मोडलेलं मला आवाजावरून कळलं. चरवी कुठं, मी कुठं, टेस्टर शेणात. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तरी ओरडतील, मालकांना हाक मारतील. त्यांनी आधी म्हशीकडं पाहिलं.

"लागलं न्हाई ना गं तुला?" म्हशीला विचारलं.

शिरूरला नेऊन माझा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरात घातला. तिथंच मुलानं सगळी हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आई, नशीब समज म्हैस लाथ मारून थांबली. जमिनीत लाईट सोडलीस तू. दोघी जागेवर राहिल्या असतात." परत आल्याबरोबर त्यानं सळई उपटली, तार तोडली आणि टेस्टर खिशात घालून घेऊन गेला. म्हैस त्याच संध्याकाळी शांत झाली, दूध पुन्हा भरलं. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली आणि मिरच्या माझ्या खिडकीखाली जाळल्या.

मी पुन्हा एका रॉडवर. शिवाय आता उठताही येईना. प्लॅस्टरचा पाय दारात आडवा यायला लागला म्हणून मालकांनी माझी उशी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. माझं डोकं आजवर असायचं तिथं पाय आले, पाय असायचे तिथं डोकं. बस्, एवढाच बदल.

पहिल्याच संध्याकाळी, अजून बाहेर उजेड होता, मी सवयीनं दुसऱ्या रॉडचं बटण दाबलं. रॉड लाल झाला. तो लाल आरशात पडला. आणि आरशात, पडद्याच्या फटीतून, मला सासूबाईंचा पलंग दिसला. त्या आरशाकडंच बघत होत्या. गोधडी हलली. गोंदलेला हात बाहेर आला, सावकाश वर गेला, बोर्डावर चाचपला, आणि अंगठ्यानं खटका खाली ओढला.

खट्!

"पडला गं," आवाज आला. "लोड आला."

मी पडून राहिले. माझा सगळा हिशेब डोक्यात पुन्हा फिरला. सोळा अँपिअर, चार हजार वॉट, बैलगाडी, पोती. आमच्या वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की पंखासुद्धा पाती मोजत फिरतो. तिथं हजाराचा रॉड हजार कधी खाणार? पहिल्या दिवशी चारही रॉड सकाळपर्यंत जळले होते. माझ्या डोळ्यांसमोर. झोपलेल्या डोळ्यांसमोर, पण जळले होते. खटका गिझरनं पडला होता. त्यानंतर तो एकदाही आपणहून पडला नव्हता. म्हातारीनं पाडला होता, आणि केव्हा पाडायचा ते मी पाटी घेऊन शिकवलं होतं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमचा हात आरशात दिसतो."

गोंदलेला हात गोधडीत परत गेला.

"दिसू दे की. माजा हात हाय. चोराचा हाय का?"

"तुमचे दोन रॉड जळत होते ना? मग माझा दुसरा का बघवला नाही?"

"तुला ऊब लागली की तू मढ्यागत झोपतीस," त्या म्हणाल्या. "पैल्या पहाटं मी तडफडत हुते. हाका मारल्या. आरडले. पाय आपटले. तू घोरत हुतीस. गार पडलीस की जागी ऱ्हातीस. मला जागं मानूस पायजे. ऊबेचं न्हाई."

आता इथं एखाद्या शहाण्या बाईनं पडद्याकडं बघून डोळे पुसले असते. मी मालकांना हाक मारली. "खटका माझ्या उशाशी आणा. आत्ताच्या आत्ता." मालकांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, प्लॅस्टरकडं पाहिलं आणि पान्हा घेऊन आले. केबल फिरवून बोर्ड पुढच्या भिंतीला आणलं.  सासूबाईंनी मशीनची पेटी उघडली, झाकली, पुन्हा उघडली.

त्या दिवशी मी चारही रॉड लावले. पत्र्यावरचं पाणी सुकलं. मी घोरले असणार.

सकाळी जागी झाले तेव्हा पडदा पूर्ण सरकवलेला होता. सासूबाई खाली, फरशीवर, पडद्यापाशी बसलेल्या. तिथपर्यंत त्या बुडावर सरकत आल्या होत्या. वाफेची नळी मांडीवर, प्लग हातात, सुटलेला.

"लई हाका मारल्या," त्या म्हणाल्या. आवाज फाटका झाला होता. "पन न्हाई मेले. तू वाईट वाटून घिऊ नगंस."

"उद्या जरा मोठ्यानं मारा," मी म्हणाले.

त्या हसल्या. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर हसल्या, आणि हसताना पुन्हा दम लागला, तेव्हा मशीन लावून दिलं मी. पाय ओढत, शिव्या देत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उपाय काढला. कांद्याच्या गोणीची सुतळी घेतली, एक टोक प्लॅस्टरातून बाहेर आलेल्या माझ्या अंगठ्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. चार रॉड जळत राहायचे, मी घोरायचे, आणि पहाटे दम लागला की त्या सुतळी ओढायच्या. मोडलेल्या पायाचा अंगठा. माझी किंकाळी पंपाच्या खोलीतल्या कुत्र्याला जागं करायची. दम नसला तरी ओढायच्या. चहासाठी ओढायच्या. उगीच, मी आहे का बघायला ओढायच्या. प्लॅस्टर निघालं तेव्हा पाय बरा होता, अंगठा सुजलेला.

नवीन घर झालं. सासूबाई त्यात राहून गेल्या, त्याही ऐन मे महिन्यात, पंख्याखाली, भर दुपारी, माझ्याशी भांडताना. थंडीचा त्यात काही संबंध नव्हता.

आता मला दमा आहे. गेल्या हिवाळ्यात सुरू झाला. पहाटेच येतो, तोही आपल्याच घराण्याचा असल्यासारखा. सून वरच्या खोलीत झोपते. तिच्याकडं भिंतीवरचा हीटर आहे, जाड रजई आहे आणि झोप अशी की घर पडलं तरी उठायची नाही. इंजिनीअर आहे ती. घर रंगवायला काढलं तेव्हा मी मुलाकडं एकच हट्ट धरला, हॉलमधलं खटक्यांचं बोर्ड माझ्या पलंगाशेजारी घ्यायचं. "आई, ते तुझ्या खोलीत कशाला?" म्हणाला. "शोभेला," म्हटलं. प्रत्येक खोलीचा खटका वेगळा आहे. वरच्या खोलीचा मी चाचपून ओळखते.

काल तिन्हीसांजेला जरा छाती भरून आल्यासारखी वाटली. खरी भरली नव्हती, पण वाटली. मी हात गोधडीतून बाहेर काढला. वर दार वाजलं, जिन्यावर पावलं आली.

"आई, जाग्या आहात का? माझ्याच खोलीची लाईट गेली. हीटर लावला आणि ट्रिप झालं."

"व्हय गं," मी म्हणाले. "लोड आला. बस जरा इथं, गार पडेल तो."